बसून काढलेला फोटो

पायाच्या अंगठ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारायला माझ्याकडे अधूनमधून कुणी येतं. गल्लीतलं, नात्यातलं, एकदा वाळूजच्या जुन्या कंपनीतला एक जण बायकोला घेऊन आला होता. बूट कसला घ्यावा, कुबडी किती उंच असावी, पाय न भिजवता आंघोळ कशी करावी, हे मी सगळ्यांना सांगतो. एक गोष्ट मात्र सांगत नाही. ती सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता सत्तरी ओलांडली आहे. ज्याला उपयोग होईल त्याला व्हावा म्हणून लिहून ठेवतो.

यात पाय दोन आहेत. एक माझा, एक माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. माझा बरा झाला.

आमच्या घरचं पाऊल

आमचं घर मेंढरांचं. गाव पाचोडच्या जवळ. वडिलांच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे वळलेला होता आणि त्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं होतं. आजोबांचंही तसंच होतं म्हणतात. पायताण नवं असो की जुनं, आधी त्याच जागी फाटायचं. गावातला चांभार आमच्या घरचं माप घेताना त्या बाजूला बोटभर कातडं जास्त सोडायचा. ते पाऊल अक्काला आलं आणि मलाही आलं.

अक्का लहानपणी वडिलांच्या मागं मेंढरांबरोबर हिंडली. लग्नानंतर सासरी शेतातली मजुरी, दारात चार शेळ्या, आणि आठवडी बाजाराला मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन पाचोडला जाणं. बाजार तिला फार आवडायचा. विकणं कमी आणि बोलणं जास्त, असं दाजी म्हणायचे. मी आयटीआय करून वाळूजच्या कारखान्यात लागलो आणि शहरात, गारखेड्यात, घर केलं.

माझं काम मापं घेण्याचं होतं. पीस हातात घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, पास की रिजेक्ट ते सांगायचं. एवढ्यावर नोकरी झाली. गावाकडे या कामाचा दबदबा होता. मामा मापात चुकत नाही, असं अक्काचा मुलगा रामा चारचौघांत सांगायचा. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

बनियन

अक्काचा पाय फारच दुखायला लागला तेव्हा मीच तिला शहरात आणलं. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणत होतो. डॉक्टरांनी पाऊल हातात धरलं, अंगठा इकडंतिकडं हलवून पाहिला आणि याला बनियन म्हणतात, असं सांगितलं.

अक्का माझ्याकडे वळली. "बनियन तं तुझे दाजी घालतेत नामा. मला कुठून झालं?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी एक्स-रे उजेडावर लावून दोन रेघा दाखवल्या. एक अंगठ्याच्या हाडातून, एक त्याच्या मागच्या लांब हाडातून. या दोन रेघांमधला कोन पंधरा अंशांच्या आत असला म्हणजे ठीक. अक्काचा त्याच्या दुपटीच्याही वर गेला होता. हाड कापून सरकवायचं, स्क्रूनं धरायचं, जुळलं की पुन्हा फोटो काढून कोन मोजायचा. मला हे लगेच पटलं. आयुष्यभर मी हेच करत होतो.

ऑपरेशन नीट झालं. त्यात कुणाची चूक नव्हती, हे मुद्दाम लिहितो.

तो फोटो

हाड जुळल्यानंतरच्या फोटोला अक्काला घेऊन मी गेलो. फोटो काढणाऱ्यानं खाली चौकोनी पाटासारखं काहीतरी ठेवलं आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्यावर उभं राहायला सांगितलं. अक्कानं भिंतीला हात लावला आणि उठायला लागली. बऱ्या पायावर अर्धी उठली होती. तिचं तोंड पाहून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बसूनच काढा हो. तिला त्रास होतोय. डॉक्टरांना मी सांगतो."

तो म्हणाला, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, उभं राहून काढायचं. मी म्हणालो, जबाबदारी माझी. बाहेर रांग होती. त्यानं खुर्ची पुढं ओढली. अक्का म्हणाली, "राहते ना उभी, एवढं काय." मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. दुसऱ्यांनी फोटो पाहिला, छान आहे म्हणाले. बसून काढला आहे, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. लपवलं नाही. राहिलं. आता हा फरक मला पूर्वीइतका मोठा वाटत नाही.

घरी आल्यावर मी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, स्केचपेननं दोन रेघा ओढल्या. कोन तेरा अंशांच्या आसपास आला. मी स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, "पास."

अक्का चहा पीत होती. तिनं विचारलं, "म्हंजी आता दुखायचं नाय?"

"नाही दुखणार."

फोटोत नाही दुखत

दुखत राहिलं. गावी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी रामाचा फोन आला. आई पाय टेकवत नाही म्हणते, काय करू? मी सांगितलं, फोटो चांगला आलाय, चालती कर, बसून राहिली तर पाय आखडेल. त्यानं ऐकलं. मामाचं कुणी मोडत नव्हतं. अक्का खुरपायला जायला लागली. पुढं रामाची बायको सासूबद्दल म्हणाली की आत्या दुपारनंतर बांधावर बसून राहतात, बायका बोलतात. त्यालाही मी तेच उत्तर दिलं. फोटो आणि आकडा.

मग रामाच्या मुलाचं जावळ निघालं. मंडपात अक्का खुर्चीवर बसलेली, भोवती बायका. कुणीतरी पायाचं विचारलं. अक्का म्हणाली, लई ठणकतं, अंगठा पुन्हा तिकडंच चाललाय वाटतं. मी तिथून जात होतो. थांबलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"अक्का, फोटो खोटं बोलत नसतो. तुला दुखायची सवय लागलीय."

माणसं हसली. जरा जास्तच हसली. दाजीही हसले. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोठ्या माणसाचं बोलणं समजून घेताना आपण पाहतो तसं पाहिलं. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान.

"बरं," ती म्हणाली. "तुझ्या फोटोत नाय दुखत, मग नाय दुखत."

त्यानंतर तिनं माझ्यासमोर पायाचं नाव काढलं नाही. ती बरी झाली असं मी धरून चाललो. पुढच्या काही वर्षांत ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागली, मग त्या बाजूचा गुडघा गेला, मग बाजार सुटला. आम्ही म्हणालो, वय झालं. जुड्या विकायला सून जायला लागली आणि अक्का दारात बसून आल्यागेल्याला बाजारभाव विचारायला लागली.

माझी पाळी

निवृत्तीनंतर माझा पाय बोलायला लागला. कंपनीत लोखंडी टोपीच्या बुटांत वर्षानुवर्षं दाबून ठेवला होता. अंगठा दुसऱ्या बोटाखाली शिरला, वरच्या बोटाला घट्टा पडला, घट्ट्याची जखम झाली. जखम भरेना तेव्हा बायको, मंदा, मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे डॉक्टर दुसरे, वयानं तरुण.

ऑपरेशन करायचं ठरलं त्या दिवशी मला भीती वाटली. ती मरणाची नव्हती. पायजम्याची नाडी सोडायला दुसरं माणूस लागेल, ही होती. ज्यांना ऑपरेशनला जायचं आहे त्यांना सांगतो: घरातल्या माणसाशी हे आधीच बोलून घ्या. मी बोललो नाही. त्यामुळे पहिले काही दिवस मंदा मदत करायची आणि मी तिच्यावर खेकसायचो.

कमरेतून खाली बधिर केलेलं होतं, पण कान चालू होते. पडद्यापलीकडे ड्रिलचा आवाज आला. आवाजावरून बिट बारीक आहे आणि माणूस घाई करत नाही, हे कळलं. त्यानंतर मला धीर आला.

खोलीत शेजारच्या खाटेवर खुलताबादचे एक चाचा होते, खुब्याचं हाड मोडलेले. सकाळी ताप बघायला नर्स यायची, मग पोहे, मग डॉक्टरांची फेरी, आणि मधल्या सगळ्या वेळात चाचा. माझं काय झालंय ते त्यांना कळलं. मग म्हणाले, "लोगाँ दिल का ऑपरेशन कराते मियाँ, तुम अंगूठे का कराए." घरून त्यांना डबा आला की अर्धा माझ्याकडे यायचा. त्यांच्या सुनेच्या हातचे कबाब मला त्या आठवड्यातल्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडले.

दवाखान्यातच काढलेला फोटो चांगला आला होता. घरी आल्यावर पाय उशीवर. पाय खाली सोडला की रक्त उतरून असा ठणका उठायचा की डोळ्यांत पाणी यायचं. टाचेवर भार पडेल असा एक विचित्र बूट मिळतो, तो घालून मोरीपर्यंत जायचं. दुपार फार लांब असते. कुणी सांगितलेलं नसतं, पण माणूस या काळात चिडका होतो आणि घरचे थकतात. मंदाची कंबर धरली. मुलगा पुण्याहून फोनवर रोज तेच विचारायचा आणि मी रोज तेच सांगायचो, दुखतंय.

एकदा दुपारी मी असाच कण्हत होतो. मंदा धुतलेले कपडे घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "फोटो तर चांगला आलाय की."

मी उशीवरचा पाय सरकवला.

"अक्कांना तुम्ही असंच म्हणाला होतात. जावळाच्या दिवशी. मी मागंच उभी होते."

मी म्हणालो, तिची गोष्ट वेगळी होती, तिचा कोन मोजलेला होता. मंदानं एक टॉवेल उचलला, झटकला आणि आत गेली. ती अक्काच्या बाजूनं इतकी वर्षं गप्प होती, हे मला तेव्हा कळलं.

उभं राहून

हाड जुळल्यावर माझाही फोटो निघाला. मला पाटावर उभं राहायला सांगितलं. पाय टेकवताना घाम फुटला. बसून काढता येणार नाही का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मी कठडा धरून उभा राहिलो. दुखत होतं, पण राहता आलं. एवढंच होतं ते. अक्कालाही राहता आलं असतं.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक ऑपरेशननंतर लगेच, झोपलेल्या अवस्थेत काढलेला. एक आजचा. पाय तोच, स्क्रू तेच. पहिल्यात अंगठा सरळ होता. दुसऱ्यात भार आल्यावर तो थोडा कललेला होता. कोनमापकाची गरज नव्हती. मापं घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला तो फरक दारातून दिसला असता.

मी विचारलं, यातला खरा कोणता?

डॉक्टर म्हणाले, "झोपून काढलेल्यात हाड जागेवर बसलंय का एवढं मी पाहतो. कोन त्यावर मोजत नाही. अंगावर भार आल्यावर पाय काय करतो, ते बसून-झोपून कळत नाही काका."

कंपनीत आमचा एक साधा नियम होता. पत्र्याचा पीस टेबलावर मोकळा ठेवून मोजायचा नाही. गाडीत तो जसा बसणार, तसा फिक्स्चरवर, म्हणजे पकडीच्या साच्यावर, आवळायचा आणि मग माप घ्यायचं. मोकळ्या पिसाचं माप घेऊन आलेल्या पोरांना मी परत पाठवलेलं आहे. तोंड सोडून बोललेलो आहे. तोच मी, अक्काचं पाऊल मोकळं मोजून पास म्हणालो होतो. पुढं त्याच मापानं तिला खोटं पाडलं. खुर्ची मागून घेतली तेव्हा मला तिची दया आली होती. त्या दयेचाच पुरावा करून मी तो तिच्याविरुद्ध वापरला.

मी डॉक्टरांना विचारलं की समजा एखाद्याचा फोटो बसून काढला, कोन चांगला आला आणि माणूस दुखतं म्हणत राहिला, तर? ते म्हणाले, मी फोटो पुन्हा काढीन, उभं करून. वेळेत कळलं तर पुष्कळदा काही करता येतं.

माझा उभ्याचा कोन पंधराच्या थोडा बाहेर होता. डॉक्टरांना तो तितकासा पसंत नव्हता. त्यांनी बोटानं जागोजागी दाबून दुखतं का विचारलं. आता पायावरचा भार काढल्यावर दुखत नव्हतं आणि पुढंही हळूहळू थांबलं. ते म्हणाले, आकडा माझा, पाय तुमचा; तुमचं ऐकायचं. म्हणून वाचणाऱ्याला सांगतो, हेही लक्षात ठेवा: फोटो उभं राहून काढा, आणि तो चांगला आला तरी दुखत असेल तर दुखतं म्हणून सांगत राहा. घरच्यांनी माणसाकडे आधी पाहावं, रेघेकडे नंतर.

अक्काच्या दारात

एसटीत चढता यायला लागल्यावर मी पहिला अक्काकडे गेलो. पाचोडला उतरून रामाच्या मोटरसायकलवर. काय बोलायचं ते मनात घोकलं होतं. दाजी तेव्हा हयात नव्हते. अक्का दारात खाटेवर, सून ज्वारी निवडत बसलेली, शेजारच्या दोन बायका. एकटी सापडेल म्हणून मी वाट पाहिली. ती कधीच एकटी नसायची. शेवटी चहा झाल्यावर मी सगळ्यांदेखतच सुरुवात केली. जावळातही सगळ्यांदेखतच बोललो होतो, म्हणून तेही बरोबर होतं.

"अक्का, तुझा तो फोटो चुकला होता."

"कंचा? आधारचा व्हय?" ती म्हणाली. "तो तं चुकलाच की रं. त्यात मी माझीच सासू दिसते. रेशनवाला दोनदा बघतो."

बायका हसायला लागल्या. सून म्हणाली, आत्याबाई, माझ्यात तर मी चोर दिसते. मग प्रत्येकीनं आपापला फोटो सांगितला. मीही हसलो. हसून झाल्यावर पुन्हा त्या वाक्याकडे जाता येईना. एकदा जावळात मी तिच्यावर माणसं हसवली होती आणि आज हसणं झालं त्यातही माझीच सोय झाली.

अक्कानं मला पाय वर घ्यायला सांगितलं. मी नको म्हणालो, मोठ्या बहिणीपुढं पाय कसा करू. तिनं ओढूनच घेतला. वणावरून हाताचा अंगठा फिरवला. तिच्या स्वतःच्या पायावर लुगड्याचा काठ होता, तो तिनं तसाच राहू दिला.

"दुखतं का?"

"नाय."

"खरंच नाय?"

"नाय, अक्का."

"मग लई चांगलं झालं," ती म्हणाली आणि सुनेला सांगितलं, "याचं नाय दुखत गं आता." फोटो कसा आला ते तिनं विचारलं नाही. मी दुखत नाही म्हणालो, ते तिनं खरं धरलं.

त्यानंतर मी बऱ्याचदा गेलो. कधी कांदे घेऊन आलो, कधी लग्नाचं आमंत्रण देऊन आलो. दर वेळी निघताना वाटायचं, पुढच्या खेपेला. मंदानं एकदाच विचारलं, बोललात का? मी म्हणालो, तिला आता त्याचं काही नाही. मंदा म्हणाली, ते त्यांनी सांगू दे. परवाच्या हिवाळ्यात अक्काला न्यूमोनिया झाला. मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजन होता आणि तिनं हातानं मला बसायची खूण केली. मी बसलो. त्यातून ती उठली नाही.

बोलायचं होतं ते फार नव्हतं. अक्का, तू उभी राहत होतीस, मीच तुला बसवलं. तुला दुखत होतं. ते मला तुझ्या तोंडून कळलं होतं आणि मी ते मानलं नाही.